बाळाला कोण उचलणार?

तान्हे मूल आले की घरातली माणसे एकाने वाढतात, सामान मात्र दहापटीने वाढते. दुपटी, झबली, टोपरी, गुटीचा डबा! दोन दिवस मावशीकडे जायचे म्हटले तरी एस. टी.त सारे बिऱ्हाड चढवावे लागते. मग संकटात दोन मिनिटांत घर सोडायची वेळ आली, तर कसे करायचे? आमच्या घरात यंदा मृगापूर्वी या प्रश्नावर रीतसर बैठक झाली. निमित्त होते आमची सात महिन्यांची नात.

दाभोसा म्हटले की शहरातल्या मंडळींना लेंडी नदीचा सुमारे तीनशे फुटांचा धबधबा आठवतो. ती पावसात येतात, भिजतात आणि संध्याकाळी परत जातात. आम्हांला तोच पाऊस चार महिने काढायचा असतो. झाड कोसळले की वीज जाते, मोरीवरून पाणी गेले की रस्ता जातो, आणि मग जव्हारचा दवाखाना एकाएकी फार लांब वाटू लागतो.

चिरंजिवांनी हातभर यादी केली होती. सूनबाईंनी तिच्यातला दुधाच्या पावडरीचा डबा पहिल्याच झटक्यात खोडला. म्हणाल्या, "ती अंगावर पिते. मला भाकरी आणि स्वच्छ पाणी मिळेल एवढे बघा." बोलणे रोखठोक, पण शास्त्राला धरून होते. पावडरीला शुद्ध पाणी हवे, बाटली उकळायला विस्तव हवा. पुरात नेमक्या याच दोन गोष्टी दुर्मीळ होतात आणि बाळाला हगवण लागते. तेव्हा आमच्या पिशवीत पाण्याची बाटली, नागलीचे पीठ, गूळ, बाळाच्या मऊ भातासाठी तांदूळ, दुपटी, मेणकापड, लसीचे कार्ड, जलसंजीवनीच्या पुड्या आणि विजेरी एवढेच गेले. १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा दारामागे खडूने लिहिला.

पण आमच्या जिल्ह्याला नुसत्या पावसाचीच धास्ती नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडची जमीन वरचेवर हादरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेपर्यंतचे धक्के बसले. त्या दिवशी तिकडच्या एका पाड्यावर दोन वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर भिंत कोसळली नव्हती; घाबरून बाहेर धावताना ती पडली आणि डोक्याला दगड लागला.

ही हकीकत निघाली तेव्हा बैठकीतला विनोद संपला. मग आम्ही घराकडे नव्या डोळ्यांनी पाहिले. आमच्याकडची जुनी कारवीच्या कुडाची भिंत हलते, पण वजनाने हलकी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारो माणसांना झोपेतच गाडले. आमचे नवे घर विटांचे, आणि बाळाची झोळी नेमकी पितळी हंड्यांच्या फळीशेजारी! त्याच दुपारी हंडे जमिनीवर आले आणि झोळी पलीकडच्या आड्याला गेली.

खरा वाद पुढेच झाला. रात्री काही झाले, तर बाळाला कोण उचलणार? चौघेही एकदम म्हणालो, "मी!" चार माणसे अंधारात एका झोळीवर झेपावली तर भूकंपाची गरजच उरायची नाही. शेवटी कामे वाटली. उचलायचे सूनबाईंनी, कारण त्या सर्वांत जवळ निजतात. दार उघडायचे मुलाने, चूल विझवायची आजीने, पिशवी माझी. आणि एक नियम सर्वांना: जमीन हलत असता पळायचे नाही. बाळाला छातीशी धरून, त्याचे डोके आपल्या अंगाने झाकून, फळी-भिंतीपासून दूर खाली बसायचे; थांबले की चालत अंगणात.

वाचकहो, फराळाच्या निमित्ताने घरची मंडळी एकत्र बसतील, तेव्हा एवढा प्रश्न जरूर विचारा. चार उत्तरे एकदम आली, तर त्यांचे एक होईपर्यंत कुणाला उठू देऊ नका.