रद्दी आणि फेलोशिप

मी राहतो त्या वुस्टरमध्ये (मॅसॅच्युसेट्समधलं. स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका!) गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावर पीएचडी करणारी एक मुलगी राहायला आली. लाँड्रीत गाठ पडली तेव्हा सहज विचारलं, काय काम करतेस? म्हणाली, "जुने अल्मनॅक वाचते." अल्मनॅक म्हणजे आपल्या भाषेत पंचांगं. मला वाटलं चेष्टा करतेय. पण नाही, त्यासाठी तिला चक्क महिन्याभराची फेलोशिप मिळाली होती!

इथे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी नावाचं ग्रंथालय आहे. १८१२ साली आयझाया थॉमस या मुद्रकाने ते सुरू केलं. ब्रिटिशांच्या हाती लागू नये म्हणून एप्रिल १७७५ मध्ये आपला छापखाना बॉस्टनहून रातोरात इथे आणणारा हाच तो गडी. पुढे त्याने स्वतःची सुमारे ८,००० पुस्तकं संस्थेला दिली. मला मात्र आवडलं ते वेगळंच. १८१४ च्या सुमारास त्याने रस्त्यावर विकली जाणारी गाण्यांची तीनशेहून जास्त चिटोरी मुद्दाम विकत घेतली. का, तर साधी माणसं काय गात होती ते पुढच्यांना कळावं.

फेलोशिपचा मामला सरळ आहे. इथले कुठले कागद बघायचेत आणि का, ते लिहून अर्ज करायचा, शिफारसपत्रं जोडायची. निवड झाली की एक-दोन महिने वाचत बसायचे पैसे मिळतात. बॉस्टन, फिलाडेल्फिया, प्रॉव्हिडन्सच्या जुन्या ग्रंथालयांतही अशी सोय आहे. तरी एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या सरकारी संस्थेने आधी मंजूर केलेली हजाराहून जास्त अनुदानं रद्द केली, तेव्हापासून ती धास्तावलीय.

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. छापील अल्मनॅकमध्ये कोरी पानं शिवून त्यावर शेतकऱ्याने लिहिलेलं... गाय व्याली. बर्फ पडलं. अमक्याकडून दोन शिलिंग येणं. असल्या ओळींवरून कोण कुणाच्या शेतावर राबलं, मजुरी कशात फिटली, हे ती जुळवते. आम्ही सर्व्हरचे लॉग वाचतो ना, तसंच.

फोटो बघताना पोटात धस्स झालं. आई कालनिर्णयवर असंच लिहायची. दूध दीड लिटर. नवा गॅस लावला. बाई आली नाही. ताईला बघायला येणार, चार वाजता. वीसेक वर्षांची कॅलेंडरं तिने दिवाणात जपून ठेवली होती. ती गेल्यावर घर रिकामं करायला माझ्याकडे नऊ दिवसांची रजा होती. रद्दीवाल्याला मीच हाक मारली. वजनही आठवतंय, सव्वाचार किलो.

त्या मुलीला हे सांगितलं. जराशाने तिने एवढंच विचारलं, "एकही राहिलं नाही?"

रात्री ताईला फोन केला. तिच्याकडे एक निघालं, १९९३ चं. मागच्या बाजूला लोणच्याची कृती होती म्हणून ठेवलेलं! डिसेंबरात जाईन तेव्हा पान न् पान स्कॅन करणार आहे.

असो. तुमच्याही घरी असतील, तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एकदा उलटून बघा.