सोफी गेल्यावर टोमॅटो

टोमॅटो, काकडी, दुधी म्युनिकमध्ये उघड्यावर लावायचे ते १५ मेनंतर, असा इथला रिवाज आहे. पान्क्राट्स, सेर्वाट्स, बोनिफाट्स आणि सोफी या संतांचे दिवस १२ ते १५ मे असे ओळीने येतात. उत्तर जर्मनीत ११ तारखेचा मामेर्टुसही धरतात. शेवटची ‘थंड सोफी’ पार पडेपर्यंत रात्री दव गोठण्याचा धोका टळला असे कोणी मानत नाही. दुकानांच्या दारात मात्र एप्रिलच्या मध्यापासूनच फुलावर आलेली टोमॅटोची रोपे मांडलेली असतात. विकणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. रोप मेले की गिऱ्हाईक मे महिन्यात दुसरे न्यायला येतेच.

दव गोठते ते निरभ्र, वारा पडलेल्या रात्री. दिवसभराची ऊब जमीन आकाशात सोडून देते आणि गार हवा जड असल्यामुळे खोलगट जागी साचते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून दोन मीटरवर असतो. वाफ्यातली हवा त्याहून तीन-चार अंशांनी गार असू शकते. त्यामुळे अंदाजात ३ अंश दिसले तरी रोपांची धडगत नसते. सकाळी पाने काळपट, पाणी सुटलेली, देठापासून लोंबलेली दिसतात. २०२४ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला उन्हाळ्यासारखी ऊब होती आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात आलेल्या गारठ्याने द्राक्षमळे आणि फळबागा करपल्या. हिवाळे सौम्य झाल्याने हा धोका कमी होत नाही, कारण झाडेही लवकर फुटतात.

महाराष्ट्रात या संतांची जागा मृग नक्षत्र घेते. सूर्य ७ किंवा ८ जूनला मृगात जातो, पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहिले जाते, बेडूक किंवा म्हैस असेल तर चांगल्या पावसाची आशा धरतात. तरी अनुभवी शेतकरी तारखेवर पेरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खातेही सांगते. घाई केली की दुबार पेरणी कपाळी येते. धूळपेरणी करणाऱ्याला आपण जुगार खेळतो आहोत हे ठाऊक असते. एप्रिलात टोमॅटो लावणाऱ्या म्युनिककराला ते ठाऊक असतेच असे नाही. हिशेबाच्या बाबतीत मात्र मृगही पक्का नाही. तो ताऱ्यांवर मोजला जातो, म्हणून इंग्रजी तारखेच्या मानाने साधारण ७० वर्षांत एक दिवस सरकतो. बव्हेरियाने १५८३ मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले तेव्हा दहा दिवस एकदम गळाले. थंडी होती तिथेच राहिली आणि संत दहा दिवस अलीकडे आले. म्हणून सोफीनंतरही आठवडाभर थांबणारे माळी भित्रे नव्हेत.

सगळ्याच पिकांना इतकी वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रात रब्बीत येणारे वाटाणा, पालक, मुळा, मेथी, कोथिंबीर इथे मार्चअखेर ते एप्रिलात पेरता येतात. खरिपाच्या भेंडी-गवारीला जून आणि काचघर लागते. खूण फोर्सिथियाची. पानांआधी पिवळ्या फुलांनी लगडणारे हे झुडूप फुलले की जर्मन हवामान खात्याच्या निसर्ग-दिनदर्शिकेत पहिला वसंत सुरू होतो, आणि सफरचंद फुलले की भरवसंत. जमिनीला वाफसा आला की नाही, हे मूठभर माती दाबून कळते: गोळा सहज फुटला तर पेरावे, चिकटून राहिला तर थांबावे.

खिडकीत वाढवलेली रोपे थेट वाफ्यात नेऊ नयेत. काचेआडच्या पानांना खरे ऊन सोसत नाही आणि दोन दिवसांत त्यांवर पांढरे चट्टे पडतात. आठ-दहा दिवस आधी ती बाल्कनीत सावलीला, वाऱ्याच्या आडोशाला, सुरुवातीला दोन-तीन तासच ठेवावीत आणि वेळ वाढवत न्यावा. रात्री आत आणणे कंटाळवाणे असले तरी चुकवू नये. लावल्यानंतर गारठ्याचा अंदाज आला तर दुपारीच पाणी द्यावे, कारण ओली माती ऊब जास्त धरते. संध्याकाळी काठ्या रोवून वरून जुने सुती लुगडे टाकावे. कापड चारही बाजूंनी जमिनीला टेकले पाहिजे. ऊब खालून येते, ती अडवायची असते. प्लॅस्टिक पानांना चिकटले तर तिथेच पान गोठते. सकाळी ऊन वर आले की पांघरूण काढून घ्यावे.

ते घडी करून लगेच माळ्यावर टाकू नये. जूनच्या पूर्वार्धात ‘मेंढीथंडी’ येते. लोकर नुकतीच कातरलेल्या मेंढ्या तेव्हा कुडकुडतात, म्हणून हे नाव. शहरात तेव्हा दव सहसा गोठत नाही, पण तापमान १० अंशांखाली गेले की काकडीची वाढ खुंटते.