पट्टी

शेकर-१ जातीचा उंदीर पिंजऱ्यात डोकं झटकत गोल गोल फिरत राहतो. टाळी वाजवली तर त्याच वेताचं निरोगी भावंड कान टवकारतं, याचा कान हलतसुद्धा नाही. बहिरेपण एवढ्यावर कळतं. त्याचं कारण मात्र कान उघडल्याशिवाय दिसत नाही.

कानाचं हाड ईडीटीएत मुरवून मऊ करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली, सुईसारख्या टोकांच्या चिमट्यांनी कवच सोलत जायचं. आत शंखासारखा कॉक्लिया असतो. माणसाचे अडीच वेढे, उंदराचे पावणेदोन. त्यात आवाज टिपणाऱ्या रोमपेशींची जेमतेम सहा मिलिमीटरची पट्टी. तिच्यावरचा टेक्टोरियल पडदा उचलताना अजूनही माझा श्वास आपोआप थांबतो.

फॅलॉइडिनने रंगवलं की रोम हिरवे चमकतात. निरोगी कानात आतल्या बाजूला पेशींची एक रांग, बाहेर तीन. बाहेरच्या प्रत्येक पेशीवर रोमांचा व्ही अक्षरासारखा झुपका, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. शेकरमध्ये रांगा ओळखू येतात, पण झुपके फुटलेले, काही भलतीकडेच वळलेले.

सुरुवातीला एकदा असाच विस्कटलेला नमुना पाहून मी वहीत 'दोष ठळक' असं लिहिलं. क्रमांक ताडून पाहिला तर तो निरोगी भावंडाचा! पडदा ओढताना ते रोम माझ्याच चिमट्याने मोडले होते. त्या दिवशी फार वाईट वाटलं. एक जीव गेला होता आणि त्याच्याबद्दल मी खोटं लिहिलं होतं. आता माझी नजर बसली आहे: चिमट्याने मोडलेले रोम ओरखड्याच्या रेषेत आडवे होतात; मुळातच विस्कटलेले पट्टीभर, प्रत्येक पेशीवर वेगळे. तरी भावंडाची पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय मी मत देत नाही.

एम. एस. देओल यांनी या उंदरांच्या आंतरकर्णाचा अभ्यास १९५६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा या दोषामागचं जनुक ठाऊक नव्हतं. ते १९९५ मध्ये सापडलं: मायोसिन-७ए. त्याच वर्षी कळलं की त्याच जनुकातल्या बिघाडाने माणसांत अशर सिंड्रोमचा एक प्रकार होतो. तो झालेली मुलं जन्मतः बहिरी असतात, पुढे नजरही जाऊ लागते. शेकरचे डोळे मात्र तसे जात नाहीत. पण ही मुलं चालायलाही उशिरा लागतात, कारण तोल सांभाळणाऱ्या रोमपेशींतही हेच मायोसिन प्रथिन लागतं. गोल फिरणाऱ्या उंदराचं दुखणं तेच.

पूर्वी कॉक्लिया काढला की उरलेलं हाड मी टाकून देत असे. आता तोलाचे अवयवही सोडवते, रंगवते आणि त्याच काचपट्टीवर शेजारी मांडते.