पाणी येतं का?

मागच्या रविवारी आमचं घर बघायला एक तरुण जोडपं आलं होतं. मुलगा पुण्याला बोलावतोय, म्हणून सांगलीचं घर विकायचं ठरवलंय. खोल्या, बाग, सगळं पसंत पडलं. निघताना त्या मुलीनं विचारलं, "काकू, इथे पाणी येतं का?" एजंट चटकन म्हणाला, "नळाला ना? भरपूर!"

ती नळाचं विचारत नव्हती.

१९८८ साली हा प्लॉट आम्ही स्वस्त मिळाला म्हणून घेतला. शेजारच्या रानातले आजोबा तेव्हा म्हणाले होते, "बाई, पुरात हितं नाल्याचं पाणी मागं फिरतंय." आम्ही हसण्यावारी नेलं. आणि मी शाळेत भूगोल शिकवत होते बरं का!

कोयनेच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडतो, धरणं भरतात, पाणी सोडावं लागतं. सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. त्याही दुथडी भरल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही. ती फुगते आणि नाल्यांतून उलटी गावात शिरते. पूर्वी ते पाणी पसरायला रानं होती. आता तिथे आम्ही आहोत.

२००५ ला घरात गुडघाभर पाणी आलं. मग आम्ही मुरूम टाकून अंगण दोन फूट उंच केलं. त्यानंतर साध्या पावसाचं पाणीसुद्धा शेजारच्या बैठ्या घरात शिरू लागलं. ते लोक कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खिडक्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घरात वीतभर गाळ, आणि जपून ठेवलेल्या माझ्या टाचणवह्यांचा लगदा. पण त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. ते आठवलं की माझ्या वह्यांचं बोलवत नाही.

तेव्हा सगळे अलमट्टी धरणाला बोल लावत होते. मीही. पुढे २०२० मध्ये वडनेरे समितीने अतिवृष्टीबरोबर नदीच्या जागेतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. ते बोट माझ्याही घराकडे आहे, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

त्या मुलीला मी मागच्या बाजूला नेलं आणि भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली. तिच्या डोक्याच्याही वर होती.

जोडपं परत आलं नाही. एजंट फोन उचलत नाही. मुलगा म्हणतो, "आई, एवढं सांगायची काय गरज होती?"

त्या आजोबांना तरी काय गरज होती? पण त्यांनी सांगितलं. ऐकलं नाही ते आम्ही.

असो. घर अजून विकायचंच आहे.