भर्तृहरीच्या गुंफेत

यंदा एल.टी.सी. घेऊन उज्जैनला जाऊन आलो. महाकालाचं दर्शन सकाळी आटोपलं आणि दुपारी रिक्षा करून क्षिप्रेकाठची भर्तृहरी गुंफा गाठली. गढकालिकेच्या देवळापासून ती जवळच आहे. निघताना आमच्या काकीने बजावलं होतं, "तेवढी गुंफा पळोवन यो रे."

आमच्या हरवळ्याची लेणी जांभ्यात कोरलेली. इथला प्रकार वेगळा. वाकून खाली उतरायचं, आत दगडी खांब, डोक्यावर जाड शिळा. जुन्या देवळाचा हा उरलेला भाग असं मानतात. पण धुनीच्या धुरात उभं राहिलं की गुंफाच वाटते. वरच्या एका शिळेवर पंजाचा ठसा दाखवतात. पडती शिळा योग्याने हातावर तोलली, अशी कथा.

गाईडने अमरफळाची गोष्ट सांगितली. राजाने फळ राणी पिंगळेला दिलं, तिने प्रियकराला, त्याने गणिकेला आणि गणिकेने परत राजाला! राजा विटला. धाकट्या भावाला, विक्रमादित्याला, गादी देऊन इथे येऊन बसला. "औरत ने धोखा दिया," गाईड म्हणाला. ऐकणारे हसले.

मला हसू आलं नाही. आमच्याकडे श्रावणात नवनाथांची पोथी वाचतात, मालू कवीची. तिच्यातली पिंगळा निराळीच. राजा तिची परीक्षा पाहायला स्वतःच्या मरणाची खोटी बातमी धाडतो आणि ती सती जाते. मग हा स्मशानात रडत बसतो.

ती पोथी काकी वाचते. मी तिसरीत असताना काका घर सोडून गेले. बैरागी झाले म्हणे. कुणी म्हणायचं काशीला दिसले, कुणी नाशिकला. आणि पुरुष असा उठून गेला म्हणजे बाईतच काहीतरी असणार, हेही गावात बोललं गेलं. आम्हा मुलांच्या कानांवर यायचं, मग तिच्या आलं नसेल? काकी अजून कुंकू लावते.

रात्री लॉजवरून फोन केला. काकीने पहिलंच विचारलं, "पिंगळेचें कितें सांगतात थंय?"

"पोथयेंत आसा तेंच," मी म्हटलं.

थोडा वेळ ती गप्प होती. मग विचारलं, धुनीपाशी कोण म्हातारे बसले होते का?

दोघे होते. हिंदीत बोलत होते, असं सांगितलं.

"बरें," म्हणाली, आणि फोन बायकोकडे द्यायला सांगितला.