गाळलेली ओळ

बाबा भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक आणि हौशी विज्ञानकथालेखक. दिवाळी अंकांत पाच-सहा कथा आणि एकुलती एक कादंबरी, एवढाच त्यांचा संसार. कादंबरीत धरणात बुडालेलं एक गाव दर अमावस्येला तीनशे वर्षं पुढच्या काळात वर येतं. कऱ्हाडच्या एका वाचनालयात दर दिवाळीनंतर ते तिचं एक प्रकरण वाचायचे. श्रोते तीस-चाळीस, चहा वाचनालयाचा.

तीन वर्षांपूर्वी वाचताना त्यांनी एक ओळ गाळली. मग दुसरी. मग एकच ओळ दोनदा वाचली. मागच्या खुर्च्यांत चुळबुळ सुरू झाली. घरी येताना मी म्हणाले, "बाबा, जरा तयारी करून जायला हवं होतं." ते काहीच बोलले नाहीत.

चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. डोळे उत्तम आहेत, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. वर्षभराने मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, 'पोस्टिरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी'. बहुतेकदा हा अल्झायमरचाच एक प्रकार असतो, पण यात सुरुवातीला आठवणी शाबूत राहतात. डोळे बघतात, मात्र बघितलेल्याची जुळणी मेंदूच्या मागच्या भागाला जमत नाही. अक्षर दिसतं, ओळ हरवते.

त्या रात्री हे नाव शोधताना टेरी प्रॅचेट सापडले. 'डिस्कवर्ल्ड' या काल्पनिक जगावर एकेचाळीस कादंबऱ्या लिहिणारे इंग्लिश लेखक. 2007 साली त्यांना हाच आजार असल्याचं निदान झालं. 1 फेब्रुवारी 2010 रोजी बीबीसीवर त्यांचं एक मोठं व्याख्यान झालं. विषय मरणाचा, शब्द त्यांचे. पण ते सलग वाचणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी प्रास्ताविक केलं आणि भाषण वाचलं अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी. 'डिस्कवर्ल्ड'च्या संक्षिप्त ध्वनिपुस्तकांनाही रॉबिन्सन यांचाच आवाज आहे. पुढे कादंबऱ्याही प्रॅचेट तोंडी सांगून लिहीत राहिले. बोललेलं संगणक टिपून घ्यायचा. 2015 साली ते गेले.

बोललेलं टिपणारी आणि लिहिलेलं बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. साहजिकच मी आधी यंत्राकडे वळले. बाबांचं प्रकरण टाइप केलं आणि फोनला वाचायला लावलं. उच्चार जवळपास बिनचूक होते. बाबांनी दोन पानं ऐकली आणि म्हणाले, "याला विनोद कळला तरी नाही, किंवा आवडला तरी नाही."

मग मीच वाचायचं ठरलं. महिनाभर रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तालीम. मी पुण्यात, ते आरामखुर्चीत डोळे मिटून. "घाई करतेस." "सरपंच असा बोलत नाही, तो आधी खोकतो." "इथे थांब. त्यांना हसू दे." हे थांबे छापील पुस्तकात कुठेच नव्हते. लहानपणापासून मी ती कादंबरी चारदा वाचली होती, पण सरपंच खोकतो हे मला ठाऊक नव्हतं.

यंदाच्या कार्यक्रमात बाबा माझ्या शेजारी बसले. सुरुवातीला उठून म्हणाले, "माझे डोळे हल्ली ओळी खातात, म्हणून मुलीला आणलंय." कुणीतरी हसलं आणि माझा श्वास मोकळा झाला. सांगितलं होतं तिथे थांबले. लोक खरंच हसले.

आणि तिसऱ्या पानावर मी एक ओळ गाळली.

मला कळलंही नाही. बाबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं, समोर बघत ती ओळ जशीच्या तशी म्हटली आणि बोट उचललं. मी पुढे वाचू लागले.

रिक्षात बराच वेळ दोघंही गप्प होतो. कृष्णा पूल आला तसे बाबा बाहेर बघत म्हणाले, "जरा तयारी करून जायला हवं होतं."