इस्रायल आळीतली चित्रांची पोथी

मांडव्याला लाँचमधून उतरून अलिबाग गाठणारा पाहुणा येतो तो समुद्र आणि कुलाबा किल्ला पाहायला. गावातच एक ‘इस्रायल आळी’ आहे, याचा त्याला बहुधा पत्ताही नसतो. आळीत ‘मागेन आबोथ’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ उभे आहे. मूळ १८४८ चे, आजची इमारत १९१० ची. आळीत आता बेने इस्रायलांची मोजकीच घरे उरली आहेत. १९४८ नंतर एकेक कुटुंब इस्रायलला गेले.

या समाजाची परंपरा सांगते, की पूर्वजांचे जहाज जवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्राने गिळल्या. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’!

पोथी नाही, तरी सण टिकले. आणि तेही मराठी नावांनी. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पुरला दिवसभर दारे लावून उपवास करायचा, म्हणून तो ‘दार फाळणीचा सण’. तिशा बेआवला बिरडे, म्हणून ‘बिरड्याचा सण’. मुलांना सण कळायचा तो आईच्या हातच्या पदार्थावरून आणि लावलेल्या दारावरून. अक्षरओळख नसलेल्या पोराला यापरते सोपे पुस्तक कुठले?

चित्रांचे एक पुस्तक निघाले ते १८७४ मध्ये, पुण्यात. वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या रात्री घरात वाचायची ‘हग्गादा’ हिब्रू आणि मराठीत छापली गेली, आणि तीही चित्रांसह. इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची ही कथा. जेवणाच्या वेळी घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचे, की आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, आणि मग मोठ्यांनी कथा सांगायची, असा रिवाज. म्हणजे ही पोथी मुळातच मुलांसाठी! पुण्याच्या प्रतीत मात्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करणाऱ्या बायका दाखवल्या आहेत आणि त्या चक्क साड्या नेसलेल्या आहेत. गोष्ट इजिप्तची, पण चित्रात आपली आजी! एवढ्या एका चित्राने मुलाचे जे काम केले असेल, ते दहा पाने मजकुराने झाले नसते.

हनुक्काची गंमत वेगळी. हा दिव्यांचा सण बेने इस्रायलांच्या जुन्या सणांत नव्हताच. तो त्यांनी पुढे बाहेरच्या ज्यूंकडून घेतला. आज मात्र त्यावर भारतीय वळणाचे चित्रपुस्तकही आहे. पामेला एहरेनबर्ग या अमेरिकन लेखिकेचे ‘क्वीन ऑफ द हनुक्का डोसाज’ २०१७ मध्ये निघाले. चित्रे अंजन सरकार यांची. घर ज्यू आणि भारतीय, दोन्ही. हनुक्काला तेलातले खायचे, म्हणून इथे बटाट्याच्या लाटक्यांऐवजी डोसे, आणि दिसेल तिथे चढणारी धाकटी बहीण. चार-पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचावे असे पुस्तक. अलिबागकराला मात्र वाटेल, डोशाच्या जागी घावन हवे होते! खोबऱ्याच्या दुधातला चिकाचा हलवा, पोह्यांचा मलिदा यांची चित्रे कुणी काढली, तर तेही हवेच आहे. इस्रायलमध्ये वाढणाऱ्या नातवंडांना आजीचा सण दाखवायला आजी नेहमीच जवळ असते असे नाही.

पेसाहच्या रात्री एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, येईल म्हणून दार उघडायचे असते. मुलांचे सारे लक्ष त्या दाराकडे. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या, असे बेने इस्रायल मानतात. परदेशी गेलेली कुटुंबे परत आली, की मुलांना घेऊन तिथे जातात. मलिद्याचे ताट मांडले जाते, प्रार्थना होते आणि तोवर पोरे खडकावरच्या खुणांत हात घालून बघत असतात.